मणक्यातील गादीचे दुखणे : शस्त्रक्रियेविना उपचार

शेतीच्या कामात कंबरेवर फार ताण पडतो. भातलावणी, खुरपणी आणि ऊसतोडणी ही कामे तासन्‌तास वाकून करावी लागतात. युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि धान्याचे पोते त्याहून जड असते. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की त्याचे वजन २० किलोच्या आसपास जाते. त्यामुळे कंबरदुखी शेतकरी कुटुंबात नवीन नाही. मात्र डॉक्टरांनी 'गादी सरकली' किंवा 'मणक्यात गॅप पडला' असे सांगितले की रुग्ण घाबरून जातो. कोणी महिनोन्‌महिने अंथरूण धरतो, तर कोणी कर्ज काढून शस्त्रक्रियेची तयारी करतो. वास्तविक गादीच्या दुखण्याचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. त्यासाठी योग्य उपचार नेटाने करावे लागतात, आणि शस्त्रक्रिया खरोखर केव्हा लागते हेही माहीत असावे लागते.

गादीची रचना व बिघाड

पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. अशा एकूण २३ गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असून आतील गर मऊ व पाणीदार असतो. वयाबरोबर गरातील पाणी कमी होते, गादीची उंची घटते आणि कड्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून गर बाहेर आला की तो शेजारील नस दाबतो आणि नसेला सूजही येते. कंबरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांवर भार जास्त असल्याने हा बिघाड बहुधा तेथेच होतो. तेथील नस पायात जात असल्यामुळे कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत उतरते. यालाच सायटिका म्हणतात. गादीमुळे सायटिका होते हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले.

बाहेर आलेला गर कायम तसाच राहतो असे नाही. शरीर तो हळूहळू शोषून घेते. विशेष म्हणजे कड्याबाहेर पूर्ण निसटलेला मोठा तुकडा किरकोळ फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. म्हणून अहवालात 'मोठी गादी' असे लिहिलेले पाहून धीर सोडू नये.

एमआरआयचा अर्थ कसा लावावा

१९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचा एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. म्हणजेच केस पांढरे व्हावेत तशी गादीही वयाने झिजते, आणि प्रत्येक झिजलेली गादी दुखतेच असे नाही. यासाठी उपचार चित्रावरून न ठरवता रुग्णाच्या तपासणीवरून ठरवावेत. धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा गरज भासत नाही.

शस्त्रक्रियेविना उपचार

१) विश्रांती : तीव्र कळ असताना एक-दोन दिवस पडून राहण्यास हरकत नाही. त्यापेक्षा अधिक पडून राहू नये. १९८६ साली टेक्सासमध्ये कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगण्यात आली. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच राहिले. परंतु दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस कमी बुडाले. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. हालचालीने दाब कमी-जास्त होतो, तेव्हा तिच्यात पोषक द्रव झिरपतो. पडून राहिल्यास स्नायू मात्र लवकर दुबळे होतात.

२) चालणे : सपाट जागी दिवसातून दोनदा १० मिनिटे चालावे. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवून ३० मिनिटांपर्यंत जावे.

३) व्यायाम : जुन्या दुखण्यावर याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही सोय असते. साधारणपणे पुढील व्यायाम उपयोगी पडतात.

अ) सतरंजीवर पालथे पडून २ ते ५ मिनिटे शांत राहावे. नंतर कोपरांवर छाती उचलावी. हे सोसले तर तळहात टेकून छाती वर उचलावी आणि कंबर सैल सोडावी. असे १० वेळा करावे.

आ) उताणे झोपून गुडघे दुमडावेत. कुल्ले उचलून ५ आकडे मोजावेत व खाली आणावेत. असे १० वेळा करावे.

इ) हात व गुडघे टेकून ओणवे व्हावे. उजवा हात व डावा पाय सरळ लांब करून ५ आकडे मोजावेत. मग बाजू बदलावी. प्रत्येक बाजूने ५ ते १० वेळा करावे.

पहिल्या व्यायामाची पद्धत न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी रूढ केली. त्यांचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्यायामाने पायातील कळ वर सरकून कंबरेत गोळा होऊ लागली, तर व्यायाम लागू पडत आहे असे समजावे. कळ पायात आणखी खाली उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवून सल्ला घ्यावा. योगासनेही उपयोगी आहेत, परंतु कळ असताना पुढे वाकण्याची आसने टाळावीत. फायदा दिसण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडू नयेत.

४) शेक व मालीश : गरम पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटे शेकावे. मधुमेह किंवा बधिरपणा असल्यास भाजण्याचा धोका असतो, म्हणून पिशवी आधी हाताने पाहावी. हलक्या मालीशने स्नायू सैल होतात. उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. नुसता स्पर्श अपाय करीत नाही. परंतु लाथ मारणे, पाठीवर उभे राहणे किंवा जोराचा हिसका देणे यांमुळे नसेला इजा होऊ शकते. डाग देऊ नयेत.

५) औषधे : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर व थोडेच दिवस घ्याव्यात. त्या रोज घेतल्यास जठरात व्रण होतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. उन्हात घाम गाळणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका अधिक असतो. सायटिकासाठी प्रेगाबॅलिन पुष्कळदा दिले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्याचा पायाच्या कळेवर उपयोग दिसला नाही, मात्र चक्कर येण्याचे प्रमाण वाढले. विहिरीवर, झाडावर किंवा ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्यांनी तात्काळ आराम वाटतो, पण पुढे हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते.

६) पट्टा व ताण : जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, आजाराची नीट माहिती, मालीश आणि मनाची भीती घालविणारे समुपदेशन यांची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून दिलेला ताण व अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे.

७) मणक्यातील इंजेक्शन : नसेजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने पायाची कळ काही आठवडे कमी होऊ शकते. त्याने गादी दुरुस्त होत नाही. मिळालेल्या उसंतीत व्यायाम सुरू करता आला, तरच खर्च कारणी लागतो.

शस्त्रक्रिया केव्हा

नेदरलँड्समधील २००७ सालचा अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली, तर दुसऱ्याला आधी इतर उपचार देण्यात आले. शस्त्रक्रियेने पायाची कळ लवकर थांबली. परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, सुमारे ९५ टक्के होते. दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे थांबण्याने बहुतेकांचे नुकसान होत नाही, आणि कळ असह्य राहिल्यास शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो. ही शस्त्रक्रिया पायाच्या कळेवर चांगली लागू पडते. नुसत्या कंबरदुखीवर तिचा भरवसा कमी असतो.

मात्र पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये.

१) लघवी तुंबणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरपणा येणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास हा दोष कायमचा राहू शकतो.

२) पायाची शक्ती कमी होत जाणे, पाऊल लटकणे, चालताना पायातील चप्पल निसटणे.

३) संध्याकाळी ताप, वजनात घट, रात्री झोपेतून उठविणारी कळ. मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग असा सुरू होऊ शकतो.

४) पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे.

कामाच्या पद्धतीत बदल

जड दगड उचलताना आपण पहारीचा टेकू दगडाजवळ घेतो. कंबरेचा हिशेबही तसाच आहे. पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून सुमारे ५ सें.मी. मागे असतात. २० किलोचे ओझे गादीपासून ५० सें.मी. पुढे धरले, तर ते तोलण्यास स्नायूंना २०० किलोचा जोर लावावा लागतो आणि तो सगळा भार गादीवर येतो. तेच ओझे २५ सें.मी. अंतरावर धरले तर १०० किलो पुरतात. म्हणून ओझे अंगालगत धरावे, गुडघ्यात वाकावे आणि वजन हातात असताना कंबर पिळू नये. पावले टाकून वळावे. खताची गोणी दोघांनी उचलावी किंवा निम्मी रिकामी करावी. गोणी जमिनीऐवजी कट्ट्यावर ठेवल्यास खालून उचलण्याचा त्रास वाचतो.

पिकाच्या ओळींत सायकल कोळपे चालविल्यास खुरपणीचे वाकणे पुष्कळ कमी होते. खुरपणी करावीच लागली तर दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबरेवर हात ठेवावेत व पाच-सहा वेळा मागे झुकावे. ट्रॅक्टरची बैठक घट्ट व झिजलेली असल्यास बदलावी. बिडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने गादीची झीज वाढते.

दुखणे ओसरल्यावर एकदम पूर्ण कामाला लागू नये. आधी पाणी देणे, बांधणी, निवड अशी हलकी कामे करावीत आणि ओझे आठवड्या-आठवड्याने वाढवावे. काम करताना थोडे दुखले म्हणजे गादीला नवी इजा झाली असे नाही. दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतके कमी झाले, तर तेवढे काम सोसले असे समजावे. ज्यांना दर हंगामात त्रास होतो त्यांनी पेरणी किंवा तोडणी सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी वरील व्यायाम सुरू करावेत, म्हणजे ऐन कामाच्या वेळी अंथरूण धरण्याची पाळी बहुधा येणार नाही.