त्वचेचा कोरडेपणा आणि स्निग्धद्रव्याची निवड

दिवाळी सरून मुळा-मुठेच्या काठी मांजरीच्या शिवारात उसाची तोड सुरू झाली, की हवेतील ओलावा झपाट्याने कमी होऊ लागतो. पायांच्या टाचांना भेगा पडतात, नडगीवर पांढुरका कोंडा दिसू लागतो आणि घरोघरी तेल, व्हॅसलीन, ग्लिसरीन यांच्या बाटल्या फडताळातून बाहेर निघतात. यांपैकी कोणते द्रव्य कोणाच्या अंगास लावावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरातीवरून किंवा सवयीवरून दिले जाते. वस्तुतः हा पदार्थविज्ञानाचा व रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्याचा विचार करावयाचा आहे.

१. कोरडेपणा म्हणजे काय?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे शृंगस्तर. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून पन्नासाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे साधारणतः वहीच्या कागदाहूनही कमी असते. मृत, चपट्या पेशी आणि त्यांच्या सांध्यांतील मेद मिळून तो बनलेला आहे. विटा व चुना यांची उपमा त्याला नेहमी दिली जाते आणि ती यथार्थ आहे. यांतील 'चुना' म्हणजे सुमारे निम्मा भाग सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात प्रामुख्याने मुक्त वसाम्ले. 'विटां'च्या अंगी अमिनो आम्ले, लॅक्टेट, युरिया अशी पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. चुना झिजला किंवा विटांतील ही द्रव्ये धुऊन गेली, म्हणजे आतले पाणी बाष्परूपाने निसटू लागते.

कोरड्या त्वचेत तेलाची उणीव असते, असा समज फार दिवस रूढ होता. बोस्टन येथील संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तो खोडून काढला. पायाच्या घट्ट्याचा वाळलेला तुकडा तेलात बुडवून ठेवला तरी ठिसूळच राहिला. पाणी शोषताच मात्र तो मऊ व लवचिक झाला. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांखाली गेले की तो कडक होतो, असेही त्यांना आढळले. तात्पर्य, त्वचेला मऊपणा देते ते पाणी. तेलाचे काम त्या पाण्याची राखण करण्याचे होय. निवडीचे सर्व नियम या एका निष्कर्षातून निघतात.

२. द्रव्यांचे तीन वर्ग

पहिला वर्ग आच्छादक द्रव्यांचा. व्हॅसलीन, खनिज तेल, मेण आणि लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन ही त्याची उदाहरणे. ही द्रव्ये त्वचेवर पडदा धरून बाष्पीभवन रोखतात. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली पेटंट घेतलेले व्हॅसलीन आजही या वर्गात अग्रभागी आहे. किमतीने ते स्वस्त आहे, ही गोष्ट त्याच्या गुणाविरुद्ध पुरावा म्हणून धरण्याचे कारण नाही.

दुसरा वर्ग आर्द्रताधारक द्रव्यांचा. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल ही पाण्याला धरून ठेवतात. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे ऊस व मद्यार्क यांच्या रसायनशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकांना हे ठाऊक असेलच, की साखरेचे किण्वन होताना मद्यार्काबरोबर थोडे ग्लिसरीनही तयार होते. पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई पडल्यावर जर्मनीने याच मार्गाने साखरेपासून ग्लिसरीन मिळविले होते.

तिसरा वर्ग मार्दवकारक द्रव्यांचा. वनस्पतिज तेले, कोकमापासून निघणारे भिरंडेल, सेरामाइडयुक्त मलमे ही पेशींमधील फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. बाजारातील बहुतेक उत्तम मलमांत तिन्ही वर्ग एकत्र असतात.

३. ऋतुमानाचा विचार

पुण्याच्या हवेत वर्षभर एकच द्रव्य उपयोगी पडेल असे नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी येथील सापेक्ष आर्द्रता २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते, तर ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या घरात असते. हवेत ओलावा असला म्हणजे ग्लिसरीन तो काही अंशी बाहेरून घेऊ शकते. हवा शुष्क असता मात्र ते त्वचेच्या आतल्या थरातील पाणी ओढते आणि ते पाणी पृष्ठभागावरून उडून जाते. म्हणून हिवाळ्यात निव्वळ ग्लिसरीन चोळल्यास त्वचा अधिकच ताणल्यासारखी वाटते. गुलाबपाण्यात ग्लिसरीन मिसळण्याची आपल्या घरांतील जुनी रीत त्यामुळे शहाणपणाची ठरते. त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरविला, तर ती पूर्ण होते. पावसाळ्यात याच्या उलट जाड आच्छादन टाळावे. घाम व तेल कोंडून केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

४. तेलातेलांतील भेद

'तेल नैसर्गिक आहे, मग ते निरुपद्रवी असणारच' हे विधान तपासून घेण्याजोगे आहे. बर दांपत्याने १९२९ साली दाखविले, की आहारातून मेद पूर्णपणे काढून टाकल्यास उंदरांची त्वचा खवलेदार होते. पुढे यामागे प्रामुख्याने लिनोलीइक आम्लाची उणीव असल्याचे स्पष्ट झाले. हे आम्ल सेरामाइडच्या घडणीत लागते. ओलीइक आम्ल मात्र शृंगस्तरातील मेदांची रचना विस्कळीत करते. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आठवडे त्वचेवर ऑलिव्ह तेल लावल्यावर तिचे संरक्षक आवरण दुबळे झाले व किंचित लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने असे झाले नाही. पहिल्यात ओलीइक आम्लाचे आधिक्य असते, दुसऱ्यात सामान्यतः लिनोलीइक आम्लाचे.

या कसोटीवर आपली तेले मांडून पाहता येतील. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलीइक आम्ल असते. तिळाच्या तेलात दोन्ही आम्ले जवळपास सारखी असतात. भुईमुगाच्या तेलात ओलीइक अधिक. नारळाच्या तेलाची जात निराळी आहे. त्यात लॉरिक आम्लाचे प्राबल्य असून, २००४ सालच्या एका तुलनात्मक चाचणीत कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र असल्यामुळे द्राक्षबियांच्या तेलाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. रस काढल्यावर उरणाऱ्या या बियांच्या तेलातही लिनोलीइक आम्ल विपुल, सुमारे दोन तृतीयांश असते. मात्र अशी तेले हवेच्या संपर्काने लवकर खवट होतात व खवट तेल त्वचेचा दाह करते. ती लहान बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवावीत. रासायनिक घटनेवरून काढलेला निष्कर्ष ही केवळ एक दिशा होय. प्रत्यक्ष त्वचेवरील चाचणीची जागा तो घेऊ शकत नाही.

५. कोणास काय योग्य?

सर्वसाधारण त्वचेस व दमट हवेत पातळ लोशन पुरे होते. त्यात पाण्याचा भाग मोठा असतो. कोरड्या त्वचेस व हिवाळ्यात घट्ट क्रीम घ्यावे. फार रखरखीत त्वचेस, वृद्धांस आणि भेगाळलेल्या हातापायांस मलमच उपयोगी. प्रयोगशाळेत वारंवार साबणाने हात धुणाऱ्या विद्यार्थ्यांनीही रात्री मलम लावावे. साबणाचा सामू ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास, आणि प्रत्येक धुण्यासरशी 'चुना' थोडा थोडा वाहून जातो.

युरियाचे प्रमाण पाहून घेणे अगत्याचे आहे. ५ ते १० टक्के युरिया ओलावा धरतो, तर २० टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी विरघळवू लागतो. टाचांच्या घट्ट भेगांस दुसरा उपयोगी, पण चेहऱ्यास किंवा चिरलेल्या त्वचेस तो झोंबेल. वारंवार खाज व लाली येणाऱ्यांनी सुगंधरहित द्रव्यच निवडावे.

मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न सौंदर्याचा उरत नाही. मज्जातंतू दुबळे झाल्याने पायांना घाम कमी येतो, त्वचा फाटते आणि संवेदना मंदावल्यामुळे भेग पडल्याचे ध्यानातही येत नाही. तिच्यातून जंतूंचा प्रवेश होऊन चिघळलेली जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा व्यक्तींनी रोज तळवे पाहावेत व मलम लावावे. ते बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नये, कारण तेथे ओल साचून बुरशी वाढते. भेगेतून रक्त वा पू दिसल्यास घरगुती उपाय थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

६. वेष्टन व वापर

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकद्रव्ये उतरत्या प्रमाणाने द्यावी लागतात. १ टक्क्याहून कमी असलेली द्रव्ये त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. तेव्हा बाटलीवर ठळक छापलेले केशर किंवा बदाम यादीच्या तळाशी आढळले, तर त्याचा अर्थ वाचकाने समजून घ्यावा.

वापराची वेळ ही निवडीइतकीच महत्त्वाची आहे. स्नानानंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच स्निग्धद्रव्य लावावे, म्हणजे शोषलेले पाणी आत कोंडले जाते. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगात तेल आधी व स्नान नंतर असा क्रम आहे. त्यामुळे उटणे व ऊन पाणी यांच्यापासून त्वचेचे रक्षण होते खरे, पण ओलावा टिकविण्यासाठी स्नानोत्तर दुसरा हात आवश्यक आहे. नवे द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून काही दिवस परिणाम पाहावा.

सारांश, योग्य स्निग्धद्रव्य किमतीने किंवा सुवासाने ठरत नाही. हवेतील ओलावा, त्वचेची अवस्था आणि द्रव्याचे रासायनिक घटक या तीन गोष्टींचा मेळ ज्यात बसेल, ते योग्य. ऊसतोडीच्या फडात दिवसभर उभ्या असलेल्या मजुराच्या टाचेला महागड्या बाटलीची गरज नाही. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवून त्यावर व्हॅसलीन किंवा भिरंडेल लावण्याची माहिती त्याच्यापर्यंत पोचणे, ही खरी गरज आहे.