बैकलकांठच्या सहली

नकाशावर बैकल सरोवर द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखें बारीक व नाजूक दिसतें, आणि तेथेंच पुष्कळ प्रवासी फसतात. चार-पांच दिवसांत सरोवराला प्रदक्षिणा घालूं, असा बेत घरीं बसून आंखणें सोपें असतें. सायबेरियांत पोंचल्यावर मात्र तो पहिल्याच दिवशीं कोलमडतो. हें सरोवर सुमारें ६३६ किलोमीटर लांब आहे. मुंबईहून पणजीस जाणारी सडकही त्यापुढें तोकडी पडेल. त्याची जास्तींत जास्त रुंदी सुमारें ७९ किलोमीटर आणि खोली १६४२ मीटर आहे. आपल्या कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच. तेवढा डोंगर या सरोवराच्या तळाशीं उभा केला, तर त्याचा माथा जेमतेम चार मीटर पाण्याबाहेर राहील! पृथ्वीच्या पाठीवरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा या एकट्या सरोवरांत सांठलेला आहे. शिवाय त्याच्याभोंवतीं फिरून मूळ जागीं आणणारा सलग रस्ताही नाहीं. तेव्हां प्रदक्षिणेचा हट्ट सोडून एका शहरांत बिऱ्हाड करावें, आणि तेथून एक-एक दिवसाची सहल काढावी, हाच आमच्या मतें शहाणपणाचा मार्ग होय.

असें बिऱ्हाड करण्यास इर्कुट्स्क हें शहर सर्वांत सोयीचें. तें अंगारा नदीच्या कांठीं, सरोवरापासून सुमारें ६५ ते ७० किलोमीटरांवर वसलेलें असून मॉस्कोहून व्लादिवोस्तोककडे जाणारी आगगाडी येथें थांबते. येथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास पुढें असतें. पहिला दिवस मंडळींनीं विश्रांतीस व शहर पाहण्यास द्यावा. १८२५ सालीं झारविरुद्ध उठाव केल्याबद्दल सायबेरियांत धाडलेल्या सरदारांपैकीं वोल्कोन्स्की व त्रुबेत्स्कोय या घराण्यांचीं लांकडी घरें येथें संग्रहालयें म्हणून जतन केलेलीं आहेत. हद्दपारींतही या कुटुंबांनीं विद्येची व संगीताची हौस कशी जागती ठेविली, हें तेथें समजतें.

पहिली खरी सहल लिस्तव्यांका या कांठच्या गांवीं करावी. मोटारीनें तेथें जाण्यास तासा-सव्वातासाहून अधिक वेळ लागत नाहीं, म्हणून घरांतील वडील माणसांस व मुलांस ती झेपते. वाटेंत ४७ व्या किलोमीटरवर ताल्त्सी येथें जुनीं सायबेरियन घरें, देवळें व लांकडी कोटाचा बुरूज यांचें उघड्यावरील संग्रहालय आहे. तेथें दोन तास सहज जातात. लिस्तव्यांका येथील सरोवरविषयक संग्रहालयांत मुलांना नेर्पा पाहावयास मिळतो. केवळ गोड्या पाण्यांतच राहणारी सील प्राण्याची ही जगांतील एकमेव जात. जवळच्या टेकडीवर चेर्स्की शिळा नांवाची जागा आहे. वर जाण्यास खुर्च्यांचा पाळणा असल्यानें गुडघे दुखणाऱ्यांनीं माघार घेण्याचें कारण नाहीं. यान चेर्स्की हा हद्दपार झालेला पोलिश भूशास्त्रज्ञ. शिक्षा भोगण्यास आलेल्या या गृहस्थानें बैकलच्या किनाऱ्यांचा मोठा अभ्यास केला.

या टेकडीवरून अंगारेचा उगम दिसतो. बैकलला तीनशेंहून अधिक नद्या मिळतात. बाहेर पडते ती एकटी अंगारा. तेथील लोककथेंत बैकल हा बाप आणि अंगारा ही त्याची एकुलती लेक. ती येनिसेईच्या ओढीनें घरांतून पळाली, तेव्हां संतापलेल्या बापानें तिच्या वाटेंत एक प्रचंड खडक भिरकावला. तो 'शामान खडक' उगमापाशीं अजून आहे; पण अंगारेवर धरण झाल्यापासून पाण्याची पातळी चढली, आणि आतां त्याचें टोंकच तेवढें वर दिसतें. मुलांना ही कथा आधीं सांगून ठेवावी, म्हणजे तो लहानसा दगडही तीं कुतूहलानें शोधतील.

दुसरी सहल आगगाडीची. सरोवराच्या दक्षिण टोंकास स्ल्युद्यांका हें गांव असून त्याचें स्टेशन संगमरवरी दगडांनीं बांधलेलें आहे. तेथून बैकल बंदरापर्यंत कड्याच्या पायथ्याशीं, पाण्याला अगदीं लागून ८० ते ९० किलोमीटरांचा लोहमार्ग जातो. १९०५ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या मार्गावर जवळजवळ ४० बोगदे आहेत. तो होण्यापूर्वीं आगगाडीचे डबे मोठ्या बोटीवर चढवून सरोवरापार नेत. १९०४ सालीं जपानशीं युद्ध जुंपलें, तेव्हां रशियनांनीं बर्फावरच रूळ टाकले, आणि जड इंजिनें बर्फास पेलणार नाहींत म्हणून घोड्यांकडून डबे ओढविले! आज या मार्गावरून प्रवाशांसाठीं खास गाडी सावकाश, थांबत थांबत नेतात. या सहलीस पहांटेपासून रात्रींपर्यंत सबंध दिवस लागतो. म्हणून ज्यांना फार वेळ बसवत नाहीं, त्यांनीं लिस्तव्यांकाहून नावेनें पलीकडे बैकल बंदरास जाऊन तेवढेंच पाहून यावें.

तिसरी सहल तरुणांची. लिस्तव्यांकाहून बोल्शिये कोटी या खेड्यापर्यंत जंगलांतून व कड्यावरून सुमारें २० किलोमीटरांची पायवाट आहे. त्या खेड्यास मोटाररस्ता नाहीं. परतावयाचें तें उन्हाळ्यांतील बोटीनें. बोटीची वेळ आधीं निश्चित करून मगच पाऊल उचलावें. येथें एक युक्ति सुचवितों : चालणारे सकाळीं लौकर निघावेत, आणि वडील मंडळींनीं बोटीनें थेट खेड्यांत जाऊन त्यांची वाट पाहावी. दोघांचाही दिवस आपापल्या शक्तीप्रमाणें जातो, आणि सायंकाळीं सारें कुटुंब एकत्र परततें.

ओल्खोन बेट मात्र दिवसाच्या सहलींत बसवूं नये. तें सुमारें ७२ किलोमीटर लांब असून इर्कुट्स्कहून नुसतें पोंचण्यासच पांच-सहा तास लागतात. तेथें निदान दोन रात्री खुझिर गांवीं राहावें. एका दिवशीं बुर्यात लोक पवित्र मानतात तो बुर्खान भूशिरावरील खडक पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं उत्तरेच्या खोबोय टोंकास जावें. तेथील रस्ते इतके खडबडीत आहेत, कीं पाठीचें दुखणें असणाऱ्यांनीं या दुसऱ्या वाटेस न जाणें बरें.

ज्यांना आणखी सवड असेल त्यांनीं आगगाडीनें उलान-उदे शहरीं जावें. सुमारें सात तासांच्या या प्रवासांत बराच वेळ सरोवर डाव्या हाताच्या खिडकींतून दिसतें. त्या शहराजवळ इवोल्गा येथें १९४५ सालीं स्थापन झालेला बौद्ध विहार आहे. भारतांत उगम पावलेला धर्म तिबेट व मंगोलियामार्गें येथवर आला. तेथील धर्मचक्र व हरणें पाहून आपल्या माणसास परकेपणा वाटत नाहीं.

ऋतूविषयीं थोडेंसें. जुलै-ऑगस्ट चालण्यास व बोटींस उत्तम. जानेवारीपासून सरोवर गोठतें, आणि फेब्रुवारी-मार्चांत पारदर्शक, निळसर बर्फ पाहण्यास लोक मुद्दाम येतात. परंतु त्या बर्फावर स्थानिक वाटाड्यावांचून एक पाऊलही टाकूं नये. जाड बर्फासही भेगा पडतात, आणि वसंतांत तें आंतून पोकळ होतें. उन्हाळ्यांतही पाणी इतकें थंड असतें, कीं पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय आंखडतात. पश्चिम किनाऱ्यावर 'सार्मा' नांवाचा वारा अचानक सुटतो. त्याचा वेग सेकंदास ४० मीटरांहूनही अधिक होतो. नावाडी "आज नको" म्हणाला, तर पैसे गेले तरी त्याचें ऐकावें.

शाकाहारी कुटुंबांनीं उपाहारगृहांत विचारून घ्यावें. 'पोझी' नांवाचा बुर्यात पदार्थ दिसावयास थेट उकडीच्या मोदकासारखा. पण आंत मांसाचें सारण असतें. राय धान्याचा काळा पाव, बटाटे, कुट्टूची खिचडी, पनीरसारखा 'त्वारोग' व चिलगोजासारखे सीडरचे दाणे यांवर दिवस निभावतो. तरीही बरोबर घरची शिदोरी असावी हें उत्तम. सन २०२२ मध्यें व्हिसा व मास्टरकार्ड कंपन्यांनीं रशियांतील व्यवहार थांबविले. तेव्हां रोख पैशांची सोय निघण्यापूर्वींच करावी.

शेवटीं एक विनंती. १९९६ सालीं बैकलची जागतिक वारशांत गणना झाली. किनाऱ्यावरचा कागदाच्या लगद्याचा कारखाना २०१३ सालीं बंद पडला. ओमुल मासा घटल्यामुळें २०१७ पासून त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली. म्हणजे एवढें अफाट पाणीही माणसाच्या हातून बिघडूं शकतें. अडीच कोटी वर्षांच्या या सरोवराकांठीं आपण एक दिवसाचे पाहुणे. पाहुण्यानें यजमानाचें घर जसेंच्या तसें ठेवून निघावें, ही आपल्या घरांतील जुनीच शिकवण आहे. शिदोरीचा कागद परत पिशवींत घालावयास मुलांना येथें शिकविलें, तर सहलीचा खर्च वसूल झाला असें आम्ही समजूं.