सर्वांत मोठ्या दिवसाचें उड्डाण

२१ जूनच्या सुमारास आपल्या मुंबईचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास, लँड्स एंड येथें, तोच जवळजवळ साडेसोळा तासांचा होतो. १९३१ साली प्रथम उडालेलें टायगर मॉथ हें दोन आसनांचें विमान जमिनीवरील खुणा पाहून चालवावयाचें. अंधार पडण्यापूर्वीं उतरणें भाग. म्हणून एका दिवसांत ब्रिटन ओलांडण्याचें स्वप्न पाहणाऱ्यास हाच दिवस सोयीचा.

स्कॉटलंडच्या उत्तरेचें जॉन ओ'ग्रोट्स तेथून सरळ रेषेनें सुमारें ९७० किलोमीटर. ताशीं १४५ किलोमीटर वेगानें सात तास पुरावेत, असें आम्हीं गणित मांडलें. पण ताशीं ३० किलोमीटरचा वारा समोरून आला कीं साडेआठ होतात. पेट्रोलसाठीं दोनदां तरी उतरावयाचें तें निराळेंच. वाटेंत धुकें दाटलें तर मुकाट्यानें मागें फिरावें. त्यांत कमीपणा कसला?

मौज पुढेंच आहे. पृथ्वीचा आंस कललेला असल्यानें या दिवसांत उत्तरेस जावें तसतसा दिवस वाढतो. जॉन ओ'ग्रोट्सला तो अठरा तासांहून मोठा. यांतील पहांटेचा लाभ आमच्या वैमानिकास हुकतो खरा, परंतु सायंकाळचा सुमारें पाऊण तास त्याच्या पदरीं पडतो.