पोतेभर मीठ आणि जलतरण तलाव

मीठ ही स्वयंपाकघरातील वस्तू. ती पोत्याने जलतरण तलावात ओतावयाची, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तथापि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकापासून रुळलेली ही पद्धत आता आपल्या दाराशी येऊन पोहोचली आहे. भिलाईच्या कोहका भागातील एका वसाहतीचे चिटणीस आमच्याकडे आले, ते हाच प्रश्न घेऊन. गृहस्थ मूळचे विदर्भातले, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. वसाहतीच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी पत्र्याच्या भिंतीचा, आतून प्लास्टिकचे अस्तर असलेला, जमिनीवर उभा केलेला तलाव आहे. त्याला मिठावर चालणारे क्लोरीनयंत्र बसवावे, म्हणजे औषधांचा खर्चही वाचेल आणि मुलांचे डोळेही लाल होणार नाहीत, असे सभासदांचे म्हणणे. त्यासाठी दुरुस्ती निधीची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावी काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

प्रश्न ठेवीचा असला तरी उत्तर पाण्यात होते.

‘खाऱ्या पाण्याचा तलाव’ म्हणजे क्लोरीनविरहित तलाव, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. या पद्धतीत क्लोरीन बाहेरून न आणता जागेवरच तयार करतात. दर हजार लिटर पाण्यास सुमारे तीन किलो मीठ विरघळवतात. हे प्रमाण समुद्राच्या खारटपणाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि आपल्या अश्रूंच्या साधारण एक तृतीयांश. पंपाने फिरणारे हे पाणी टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाते. पट्ट्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. विजेचा प्रवाह सोडला की मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन होतो आणि पाण्यात मिसळून जंतुनाश करतो. काम संपल्यावर त्याचे पुन्हा क्लोराइड होते. म्हणजे मीठ खर्ची पडत नाही. ते कमी होते उडणाऱ्या, गळणाऱ्या आणि गाळणी धुताना सोडून दिलेल्या पाण्याबरोबर. भांडवल कायम ठेवून केवळ व्याजावर निर्वाह करावा, तसाच हा प्रकार.

आता हिशेब. साडेचार मीटर व्यासाच्या आणि मीटरभर पाणी असलेल्या तलावात सुमारे १६ हजार लिटर पाणी मावते. त्यास ४८ किलो, म्हणजे एक पोते मीठ पुरे. पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन टिकावयास हवा. भर उन्हाळ्यात दिवसाकाठी दोन-तीन मिलिग्रॅम उडून जातो असे धरले, तर रोज ३२ ते ४८ ग्रॅम क्लोरीन लागेल. गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर सर्वांच्या परिचयाची आहे. तीत तीस टक्के क्लोरीन धरला, तर रोज शंभर ते दीडशे ग्रॅम पावडर, आणि चार महिन्यांच्या हंगामात १२ ते १८ किलो. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य होय. शिवाय पट्ट्यांचे आयुष्य सामान्यतः तीन ते सात वर्षे. त्यांचा घसारा दरवर्षी खर्चात धरावाच लागतो, आणि नेमका तोच संस्थांच्या ताळेबंदात आढळत नाही. एवढ्याशा तलावावर बचतीच्या आशेने हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग लाभ कोणता? सातत्य. हाताने पावडर टाकणारा एक दिवस विसरतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकतो; यंत्र थोडे थोडे पण नित्य देत राहते. पावडरीचा साठाही घरात ठेवावा लागत नाही. ती ओलाव्याने निकामी होते, आणि चुकून आम्लाशी संयोग झाला तर विषारी वायू सुटतो. डोळ्यांच्या जळजळीचे म्हणाल, तर तिचे कारण बहुधा क्लोरीन नसून घाम-मूत्राशी त्याचा संयोग होऊन झालेली क्लोरामाइन्स, अथवा बिघडलेला सामू असतो. तलावात उतरण्यापूर्वी अंघोळीची सक्ती केली, तर तो प्रश्न फुकटात बराचसा सुटतो.

कोहक्यात दोन गोष्टींचा विशेष विचार हवा. पहिली बोअरच्या पाण्याची. भिलाईच्या पोलाद कारखान्यास चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी इथून जवळच आहेत. अशा भूभागातील पाणी जड असण्याचा संभव मोठा. जड पाण्यात पट्ट्यांवर चुन्याची पुटे चढतात. यंत्रामुळे सामूही वर सरकत राहतो, तो आम्लाने ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा लागतो. (टीसीएलही पाण्यात चुनाच घालते, हे मात्र यंत्राच्या बाजूचे!) दुसरी गोष्ट गंजाची, आणि ती पोलादनगरीत कोणास समजावून सांगावयास नको. अस्तरास भोक पडून खारे पाणी मागच्या पत्र्यापर्यंत पोहोचले, तर भिंत आतून खाल्ली जाते आणि भरलेला तलाव कोसळू शकतो. लोखंडी शिडी, स्क्रू, पंपाची जोडणी, सारे आधी तपासावे. अर्थिंग व गळतीरोधक स्विच यांत तर काटकसर नकोच.

मीठ शुद्ध, आयोडीनविरहित घ्यावे. उन्हाने क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो, म्हणून सायन्युरिक आम्लाची बेताची मात्रा लागते. हंगामाअखेर तलाव रिकामा करताना ते पाणी झाडांना मात्र घालू नये.

चिटणिसांनी सारे ऐकून घेतले आणि ठेव मोडण्याचा अर्ज घडी करून खिशात ठेवला. “आधी पाणी तपासून घेतो, साहेब, अन् अस्तराचे सांधेही बघतो,” म्हणाले. ठेव ऑगस्टमध्ये पिकते. पाण्याचा अहवाल त्याआधी येईल.