करार आणि शिवार (लेखांक 6) : भुकटीच्या पोत्यातून ठरणारा दर

गेल्या लेखांकात भाताच्या निर्यातीचं पाहिलं. या वेळी गोठ्याकडे वळू. कर्नाटकातल्या येळ्ळूरच्या शिवारात भात मळून झाला की पिंजर म्हशीपुढे पडतं आणि संध्याकाळी किटली डेअरीत जाते. नमुना यंत्रात घातला जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचे) आकडे उमटतात, पावती हातात येते. त्या पावतीवरच्या दराचा परदेशी वाटाघाटींशी काय संबंध?

परदेशातून ताजं दूध आणणं परवडत नाही. येऊ शकते ती भुकटी आणि लोणी. दूध वाढलं की आपले दूध संघही तेच करतात : मलईचं लोणी, उरलेल्याची भुकटी. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण नऊ किलो भुकटी निघते. म्हणजे भुकटी किलोमागे 100 रुपयांनी उतरली, तर लिटरमागे नऊएक रुपये गेले. हा तोटा संघाच्या गोदामात अडून राहत नाही, तो उत्पादकाच्या बिलात उतरतो.

2018 मध्ये हे शेजारी महाराष्ट्रात घडलं. जगात भुकटी स्वस्त झाली, निर्यात परवडेना, साठे तुंबले आणि गाईच्या दुधाचा दर कोसळला. 16 जुलैला राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं दूध रोखलं. लिटरला 25 रुपये द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे आंदोलन थांबलं. लक्षात घ्या, परदेशी भुकटीची पोती आपल्या बाजारात येऊन पडली म्हणून हे झालं नव्हतं. ती स्वस्तात आत आली असती तर काय झालं असतं? आपल्याकडे ‘नंदिनी’ या नावानं दूध विकणाऱ्या सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला कर्नाटक सरकार लिटरमागे 5 रुपये प्रोत्साहन धन देतं, त्याचा आधार आहेच. पण तो सरकारी तिजोरीतला पैसा आहे. बाजार पडला तर तो किती पुरणार?

ही पोती अडवतं ते आयात शुल्क. भुकटीवर ते 60 टक्के आहे, लोण्यावर 40. आज हे आकडे पक्के वाटतात. पण 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, तेव्हा भुकटीवर शून्य शुल्काचं बंधन भारतानं मान्य केलेलं होतं. युरोपातली अनुदानावर पोसलेली भुकटी येऊ लागली, तेव्हा गॅट या जागतिक व्यापार कराराच्या 28 व्या कलमाखाली फेरवाटाघाटी कराव्या लागल्या. 60 टक्के मिळाले. बदल्यात वर्षाला 10 हजार टन भुकटी 15 टक्के शुल्कानं येऊ द्यायचं कबूल करावं लागलं. एकदा सोडलेलं परत मिळवताना किंमत मोजावी लागते, ती अशी.

म्हणूनच 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकला भारत आरसेप या अनेक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. समोर न्यूझीलंड होता : लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, आणि जवळजवळ सगळं दूध निर्यातीसाठी. इकडे सुमारे आठ कोटी कुटुंबं, बहुतेकांच्या दावणीला दोन-चार जनावरं. ही स्पर्धा बरोबरीची नव्हतीच. पुढे 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाशी आणि जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाले, ते दुग्धपदार्थांना सवलतीबाहेर ठेवून.

अमेरिकेशी वाद वेगळ्या मुद्द्यावर अडतो. ज्या जनावरांना दुसऱ्या जनावरांच्या मांसा-रक्तापासून केलेलं खाद्य घातलं, त्यांचं दूध नको, तसं प्रमाणपत्र द्या, ही भारताची अट. ती रास्त आहे, घरोघरच्या देवपूजेशी जोडलेली आहे. पण केवळ तिच्या भरवशावर राहू नये. उद्या एखादी मोठी कंपनी शाकाहारी खाद्यावर वेगळा कळप पोसून प्रमाणपत्र घेऊन उभी राहिली, तर अट पुरी होईल आणि भुकटी तितकीच स्वस्त असेल. येळ्ळूरच्या उत्पादकाला शेवटी वाचवणार ते शुल्कच. त्यामुळे नवा करार जाहीर झाला की भाषणांपेक्षा त्याला जोडलेली शुल्काची यादी आधी पाहावी. भुकटी 0402 या क्रमांकाखाली असते, लोणी 0405 आणि चीज 0406.

पुढच्या लेखांकात : पेंड आणि मक्याची आयात, म्हणजे गोठ्याच्या खर्चाची बाजू.