पिशवीतला बिनबोलावलेला माल

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की डिंभे धरण येते. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली सापडून ते हुतात्मा झाले. आम्ही कापडवाले, म्हणून हे नाव विसरत नाही. आज मात्र कापडाविषयी नाही, माशांविषयी लिहायचे आहे.

धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी सहकारी संस्था करून या पाण्यात मासेमारी उभी केली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने तरंगत्या पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे कामही इथे झाले. मासा चांगला निघाला की बाजारात लुगडे खपते आणि आमची उधारी वसूल होते. तेव्हा या विषयात आमचाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. माल जिवंत, गाडीवाल्याला घाई, म्हणून पिशवी फोडून सरळ पाण्यात ओततात. कापडाचे ठाण आम्ही उलगडून पाहतो, डाग निघाला तर परत करतो. धरणात ओतलेले बीज परत कसे करणार?

एकदा आम्हीही गाठ न उघडता ब्लँकेटे कपाटात लावली होती. त्यातून कसर आली आणि पावसाळा सरेपर्यंत शेजारच्या कप्प्यातली घोंगडी खाऊन गेली. माल देणाऱ्याने हात झटकले. पैगंबरसाहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि खालचे ओले निघाले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. विकणाऱ्याला त्यांनी ओले धान्य वर ठेवायला सांगितले. मत्स्यबीजातही हात घालून पाहावे लागते.

त्यासाठी पांढरे घमेले घ्यावे. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे बीज घमेल्यात घेऊन उजेडात निरखावे. कटल्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे, पिल्लू ओळखायचे ते पाठीच्या परावरून. हा पर लांबलचक आणि काटेरी असून त्याच्या मागच्या भागात एक काळा ठिपका असतो. चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. दहा-वीस पिल्ले आली तरी पुढे जाळ्यात लहान चिलापीचीच गर्दी होते आणि कटल्याचा भाव हातचा जातो.

लांब मिशा आणि अंगावर संगमरवरासारखे डाग दिसले तर तो आफ्रिकन मांगूर समजावा. देशी मांगूर एकसारखा गडद असतो. आफ्रिकन मांगूर इतर माशांना खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली आहे, तरी चोरून पाळणारे आहेत.

माशाच्या अंगावरही पाहावे. चपटी, पारदर्शक, टिकलीएवढी चकती सरकताना दिसली तर ती माशाची ऊ. सुटलेल्या धाग्यासारखे काही लोंबत असेल तर तो कृमी. आमच्या सवयीने धागा ओढायला जाऊ नये, तो तुटतो आणि डोके मांसात राहते. असे बीज घेऊच नये.

मत्स्यजिरे वाढवणाऱ्या तळ्यांत पाठीवर पोहणारे किडे, पाणविंचू आणि चतुराच्या अळ्या बिनबोलावता येतात आणि जिरे फस्त करतात. त्यावर जुना उपाय म्हणजे बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी हेक्टरी ५६ किलो स्वस्त तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरणे. तवंगामुळे वर येऊन श्वास घेणारे किडे गुदमरतात. हा उपाय लहान तळ्यासाठी आहे, धरणासाठी नाही.

पिंजऱ्याच्या जाळीवर जे उगवते ते सगळेच शत्रू नसते. हिरवट-तपकिरी, हाताला खरखरीत लागणारा थर बहुधा गोड्या पाण्यातला स्पंज असतो. हेन्री कार्टर यांनी मुंबईच्या तलावांतल्या अशा स्पंजांचे वर्णन १८४९ साली छापले होते. तो मासा खात नाही, पण जाळीची भोके बुजवतो आणि आत ताजे पाणी येत नाही. जाळी बदलून उन्हात कडक वाळवावी आणि ब्रशने झाडावी.

आपल्या समाजातली काही मुले शोभेच्या माशांच्या धंद्यात आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत समुद्री दगडाबरोबर केसाळ कृमी येतात. ते बहुतेक निरुपद्रवी असतात, मात्र उघड्या हाताने धरू नयेत. तपकिरी, काचेसारखे छोटे समुद्रफूल दिसले तर कापू नये, तुकड्यातून पुन्हा उगवते. आणि दगडावर जिवंत प्रवाळ असेल तर गाठ वन्यजीव कायद्याशी आहे. प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे. मला ठाऊक नव्हते, असे म्हणून दुकानदार सुटत नाही.

काचपेटीत मावेनासा झालेला सकर मासा नदीत सोडणारेही पाहिले आहेत. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज उजनीच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या खवल्यांचे चिलखत जाळे फाडते. आपली घोड पुढे भीमेलाच मिळते, आणि भीमेवरच उजनी आहे.

बीज घेताना पावतीवर माशांची जात आणि बोटुकलीची लांबी लिहून घ्यावी. जलाशयासाठी १०० मिलिमीटरच्या आसपासची बोटुकली चांगली. घमेल्यात चिलापी निघाली तर गाडी तिथेच थांबवून विकणाऱ्याला दाखवावी. पिशवीतले पाणी जलाशयात ओतू नये, दूर कोरड्या जमिनीवर टाकावे. मांगूर निघाला तर तो ओढ्यात फेकू नये, मारून पुरावा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात कळवावे.