मिठाचा खडा आणि पारसिकचा दगड

मिठागरातल्या जाड्या मिठाचा एक खडा उजेडात धरून पाहा. कोपरे काटकोनी, बाजू सपाट. फोडला तरी तुकडे पुन्हा चौकोनीच! आत सोडियम आणि क्लोरिन यांचे कण बुद्धिबळाच्या पटावरल्या घरांप्रमाणे एकाआड एक, पण तिन्ही दिशांनी बसलेले असतात. क्ष-किरणांनी ही मांडणी उलगडणाऱ्या ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, आमच्या पारसिकच्या काळ्या फत्तरात असले काही दिसत नाही. गुरुजी, तोही स्फटिकांचाच आहे बरे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा लवकर निवाला, म्हणून स्फटिक बारीक राहिले. पण अशा लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून जागोजाग पोकळ्या राहतात. त्यांत पाणी झिरपते, आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांतून गारगोटी, कॅल्साइट, पेंढीच्या आकाराचा स्टिल्बाइट असे स्फटिक सावकाश वाढतात. जागा नि सवड मिळाली, की आतली मांडणी बाहेर दिसू लागते.

कल्याणपलीकडे बोरघाटात एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे बोगदे खोदताना निघालेले असे स्फटिक थेट लंडनच्या संग्रहालयात गेले. दगडखाणीतले मात्र बहुधा खडीबरोबर भरडले जातात. तेव्हा शिक्षकांनी मुलांना खाणीत नव्हे, रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाशी न्यावे. चकाकणारा तुकडा सापडला, तर तो कुठला हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. पांढरा तुकडा सुरीने ओरखडला गेला, तर तो कॅल्साइट असू शकतो. गारगोटी उलट काचेवरच ओरखडा काढते.